कंट्रोलरसाहेबांचा ओठ

प्रभुदास दुशिंग स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभे होते आणि डोळे मिटून हळूहळू वरखाली होत होते. चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं होतं की एखादा पाहुणा चुकून आत आला असता, तर आवाज न करता माघारी गेला असता. तेवढ्यात सून आराधना चहा घेऊन आली. प्रभुदासांनी झटकन वळून चौकटीवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं.

"वाळवी लागली का काय, बघत हुतो," ते म्हणाले.

"पप्पा, चौकट सिमेंटची आहे."

"म्हनून तर बघत हुतो," असं म्हणून त्यांनी चहा घेतला आणि जागा बदलली.

खरी गोष्ट अशी होती की त्यांच्या पाठीवर पुरीएवढाले लाल चट्टे उठले होते. संध्याकाळी उठायचे, रात्रभर आग आग करायचे आणि सकाळी असे नाहीसे व्हायचे की माणसाला आपल्याच शब्दाची शंका यावी. आपल्याकडे याला अंगावर पित्त उठणं म्हणतात आणि एकदा पित्त म्हटलं की सगळ्यांची नजर ताटाकडे जाते. प्रभुदासांची सगळी अडचण तिथेच होती.

प्रभुदास श्रीरामपूर स्टँडवरून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. काय आवाज होता त्यांचा. "कोल्हारमार्गे नगरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे" हे त्यांच्या तोंडून ऐकलं की ज्याला नगरला जायचं नाही त्यालाही आपण उगाच घरी बसलोय असं वाटायचं. आवाजाखालोखाल त्यांची कीर्ती होती ती खाण्यातली. उन्हाळ्यात त्यांच्या अँड्र्यूचं लग्न झालं. अँड्र्यू नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला, शनिवारी रात्री घरी येणारा. त्याची बायको आराधना कोल्हारची. ती सासरी आली ती स्वतः भाजून, डंकावर कुटून आणलेल्या काळ्या मसाल्याची बरणी घेऊन. त्या मसाल्याची पहिली आमटी प्रभुदासांनी भुरकली आणि ते गप्प बसले. जेवताना गप्प बसलेले प्रभुदास त्या घरात कुणी पाहिले नव्हते. बऱ्याच वेळाने ते एवढंच म्हणाले, "पोरी, तुझ्या हाताला देवानं काय दिलंय गं."

आणि पुढच्याच महिन्यात अंगावर पित्त उठायला लागलं.

त्यांच्या पत्नीने, मरियाबाईंनी, आमसुलाचं पाणी चोळलं, गेरू लावला, घोंगडीत गुंडाळून घाम काढला. कशालाच गुण येईना, तेव्हा त्यांनी निकाल दिला.

"मसाला घरात आला आन् पित्त अंगात आलं. उद्यापून तो बंद."

"अगं, कावळा बसायला आन् फांदी तुटायला एकच गाठ पडली."

"कावळा रोज बसतोय आन् फांदी रोज तुटतीय. मंग कावळ्याकडं बघायचं न्हाई व्हय?"

प्रभुदासांनी दुसऱ्या दिवशी जाहीर करून टाकलं की पित्त गेलं, नावालाही उरलं नाही. यात जिभेचा स्वार्थ होता हे खरं, पण सगळा नाही. आराधनाला तो मसाला विकायचा होता. आधी चर्चच्या मंडळीतल्या घरांतून नाताळाच्या ऑर्डरी घ्यायच्या, मग हळूहळू दुकानांतून ठेवायचा असा तिचा बेत होता आणि तो सांगताना तिचे डोळे असे चमकायचे की प्रभुदासांना ती आपलीच लेक वाटायची. ज्या मसाल्याने घरचाच सासरा सुजतो, तो विकत घेणार कोण? तेव्हा पोरीचं नाव जपायचं तर पित्त लपवायचं, असा त्यांनी मनाशी ठराव केला.

आता लपवणं म्हणजे काय, ते ज्याने लपवलंय त्यालाच कळतं. चट्टे दिसू नयेत म्हणून प्रभुदास ऑक्टोबरच्या उन्हात लांब बाह्यांचा स्वेटर घालून बसू लागले. स्वेटर का, तर थंडी वाजते. थंडी वाजते म्हटल्यावर आराधनाने मिरे-आल्याचा काढा दिला. काढ्याने घाम आला, घामाने चट्टे दुप्पट झाले, म्हणून अंग चोरून ते कोपऱ्यात बसले, तर मरियाबाई छातीला बाम चोळायला आल्या. स्वेटर काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी शेवटचा डाव टाकला. थंडी छातीत नाही, गळ्यात आहे. मंडळीचा लिलाव जवळ आलाय आणि आपण आवाज जपतोय. ही बातमी चर्चभर झाली. मंडळीचे खजिनदार सॅमसन लोंढे स्वतः ज्येष्ठमधाची कांडी घेऊन आले आणि समोर बसून त्यांना ती चघळायला लावून गेले.

लिलाव म्हणजे कापणीच्या सणाचा. कुणी नवी बाजरी, कुणी भोपळा, कुणी कोंबडी, कुणी घरचा केक अर्पण करायचा आणि उपासनेनंतर चर्चच्या अंगणात मांडव घालून त्यांचा लिलाव करायचा, अशी पूर्वापार रीत. पुकारायला दरवर्षी प्रभुदास. त्यांनी पुकारला की साधा भोपळासुद्धा खानदानी वाटायचा. या वर्षी आराधनाने सून म्हणून पहिलं अर्पण आणलं होतं, मसाल्याची बरणी. मंडळीतल्या सगळ्या बायका तिथे असणार होत्या. बरणी चांगल्या बोलीला गेली, की नाताळाच्या ऑर्डरी आपोआप येणार होत्या.

मांडवात वारा नव्हता. स्वेटरच्या आत प्रभुदासांची भट्टी पेटली होती आणि चट्टे मानेपर्यंत आले होते. तरी भोपळे गेले, कोंबड्या गेल्या, केक गेला. मग त्यांनी बरणी उचलली, एक क्षण थांबले आणि गळ्यातला सगळा मध आवाजात उतरवला.

"मंडळी, ही आहे कोल्हारची कमाल. असा काळा मसाला जिल्ह्यात दुसरीकडं मिळायचा न्हाई."

"कंट्रोलर, नुसतं पुकारू नका," पहिल्या रांगेतून सॅमसन म्हणाले. "चव घिऊन सांगा. आमाला खात्री पटू द्या."

प्रभुदासांनी हसत चमचाभर मसाला तोंडात टाकला. वरचा ओठ मघापासूनच चुरचुरत होता, पण पुकारण्याच्या नादात त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आता तो फुगू लागला. सगळ्या मंडळीच्या देखत, बेकरीत पाव फुगावा तसा तो फुगत गेला. प्रभुदासांनी 'कोल्हारचा' हा शब्द नीट उच्चारला, पण 'मसाला' म्हणायला गेले तर ओठ ओठाला भेटेना.

महिला मंडळाच्या सुरेखाबाई शेजारणीला म्हणाल्या, "अगं बया, मसाल्यानं ओठ सुजला."

प्रभुदासांनी आराधनाकडे पाहिलं. ती पदराचं टोक मुठीत धरून उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. ते त्यांना बघवेना. मसाला वाईट असता तर कुणी पुन्हा खाल्ला असता का, हा एकच मुद्दा त्या घटकेला त्यांना सुचला आणि बोलून पटवण्याची सोय राहिली नव्हती. त्यांनी दुसरा चमचा भरला आणि सर्वांच्या समोर शांतपणे खाल्ला. पुढे खालचाही ओठ सुजला. बोली कुणीच लावेना, तेव्हा प्रभुदासांनी स्वतःचाच हात वर केला.

"पुकारनाऱ्यानं बोली लावायची न्हाई," सॅमसन म्हणाले. "नियम हाय."

"कुनी केला नियम?" प्रभुदासांनी कसंबसं विचारलं.

"तुमीच केलता."

पाळकसाहेबांनी घाईघाईने समारोपाची प्रार्थना घेतली. मंडळीच्या आठवणीत अर्पणाची वस्तू प्रथमच जशीच्या तशी घरी परत गेली.

जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतल्यावर ओठ उतरला. पण स्वेटरही उतरला होता आणि लपवलेलं सगळं उघडं पडलं होतं. मरियाबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "एवढे महिने खाजवत बसला, आन् मला सांगितलं न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. आराधनाने स्टुलावर चढून बरणी माळ्यावर ठेवली.

"पप्पा बरे होईपर्यंत या घरात मसाला भाजायचा नाही," ती म्हणाली. "ऑर्डरसुद्धा घेणार नाही मी."

आता ऑर्डर देतंय कोण, असं प्रभुदासांच्या अगदी ओठावर आलं होतं, पण त्या ओठाने त्या दिवशी पुरेसं काम केलं होतं. रात्री ताटात हिंग-हळदीचं वरण पडलं. ते गिळताना त्यांना पित्तापेक्षा पोरीचंच वाईट वाटत राहिलं.

आराधनाने नगरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. डॉक्टर इन्शा शेख वयाने लहान, बोलायला गोड. प्रभुदास, मरियाबाई आणि आराधना असे तिघे त्यांच्यासमोर बसले आणि प्रभुदासांनी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आरोपी," प्रभुदास म्हणाले. "याला निर्दोष सोडवायचं हाय."

डॉक्टरांनी बरणीचं झाकण काढून वास घेतला आणि क्षणभर त्याही गप्प झाल्या. मग भानावर येऊन त्यांनी विचारलं, "हा मसाला खाण्यात नव्हता, असे काही दिवस गेले का मधे?"

प्रभुदास विचारात पडले. लपवायच्या गडबडीत हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "ऑगस्टात ही भाच्याच्या बाप्तिस्म्याला माहेरी गेल्ती. बरणी संपल्याली. महिनाभर मसाला न्हवताच."

"आणि चट्टे?"

"रोज."

"तवा तर मीच सैपाक करत हुते," मरियाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मग बरणीबरोबर तुम्हालाही आरोपी करावं लागेल," डॉक्टर हसत म्हणाल्या. मरियाबाईंनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

इंजेक्शनचा अंमल पुरता उतरल्यावर डॉक्टरांनी त्यांना पुन्हा बोलावलं. या खेपेला प्रभुदासांचं थोडं रक्त काढलं, ते यंत्रात फिरवून वरचं स्वच्छ पाणी वेगळं केलं आणि त्याचा थेंब त्यांच्याच हाताच्या कातडीत टोचला. शेजारी साध्या सलाईनचाही थेंब टोचला. सलाईनची जागा होती तशी राहिली. स्वतःच्या रक्ताच्या थेंबाने मात्र टपोरा लाल चट्टा वर आला. प्रभुदास त्याच्याकडे बघतच राहिले.

"म्हंजे मला माझीच ॲलर्जी हाय?"

"तशी ॲलर्जी नाही, पण तुम्हाला सोपं वाटत असेल तर तसं म्हणा."

"मी हे लग्नाच्या पैल्या वर्षीच वळखलं हुतं," मरियाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावून सांगितलं. कातडीखाली, बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेला मास्ट पेशी नावाच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या इवल्या इवल्या पिशव्या ठासून भरलेल्या. शरीरात नको ते काही शिरल्याचा इशारा मिळाला की त्या क्षणात पिशव्या फोडतात. रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, आणखी पेशी मदतीला धावतात. कातडी फुगते, खाज सुटते. इशारा द्यायचं काम रक्तातली प्रतिद्रव्यं करतात. प्रभुदासांच्या रक्तातली काही प्रतिद्रव्यं चुकून थेट आपल्याच मास्ट पेशींना चिकटत होती आणि बाहेरचं कुणी आलेलं नसतानाच कळ दाबत होती. आरोपी अंगातच होता आणि शोध मात्र ताटात चालला होता; काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत.

प्रभुदास पुढे सरकून बसले. आता विषय त्यांच्या खात्यात आला होता.

"म्हंजे गाडी आल्यालीच न्हाई, आन् आतला कुनीतरी गाडी लागली म्हनून पुकारतोय."

"अगदी बरोबर."

"आन् हे सगळे पळत्यात."

"पळतात."

"काल गाडी खोटी निघाली, तरी आज परत पळत्यात?"

"दर वेळी तेवढ्याच जोरात."

प्रभुदासांनी हातावरच्या चट्ट्याकडे पाहिलं. इतके महिने ज्याला शिव्या दिल्या, त्याच्याबद्दल त्यांच्या मनात एकदम आदर दाटून आला. सगळी नोकरी त्यांनी स्टँडवर काढली होती. पुकारल्यावर ड्रायव्हर चहा प्यायला गेलेला, कंडक्टर सापडत नाही, हे रोजचं. आणि इथे डोळ्यांना न दिसणारा हा जीव; ना सुट्टी, ना तक्रार, हाक आली की आहे ते सगळं उधळून मोकळा.

"काय पन स्टाफ हाय," ते म्हणाले. "डॉक्टर, त्यांची काय चूक न्हाई. चूक पुकारनाऱ्याची."

डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या. पिशव्या फुटल्या तरी हिस्टामिनची हाक रक्तवाहिन्यांपर्यंत पोचणार नाही, एवढं काम त्या करतील. बहुतेकांचा हा त्रास आपोआप थांबतो, मात्र काही महिने लागतात, कधी वर्षंही. जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर तडक दवाखाना गाठायचा. आणि खाण्यावर बंधन कसलंही नाही. हे शेवटचं वाक्य प्रभुदासांनी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

परतीच्या एसटीत प्रभुदास रविवारच्या साक्षीची तयारी करत होते. उपासनेत आपला अनुभव सांगायला, म्हणजे साक्ष द्यायला, उभं राहायचं आणि चोर सोडून संन्याशाला फाशी कशी झाली ते सगळ्या मंडळीला सांगून मसाल्याचं नाव धुऊन काढायचं. शेजारी बसलेल्या मरियाबाईंनी बरणीची पिशवी आराधनाकडून मागून घेतली होती आणि खड्डा आला की ती दोन्ही हातांनी धरत होत्या.

रविवारी प्रभुदास उभे राहिले. स्वेटर नव्हता, सदरा पांढरा होता, गोळ्यांनी अंग शांत होतं. त्यांनी मास्ट पेशी फलाटावर उभ्या केल्या, प्रतिद्रव्यांच्या हातात भोंगा दिला, हिस्टामिनच्या पिशव्या फोडल्या. इतकं सुरेख त्यांनी आयुष्यात पुकारलं नव्हतं. पाळकसाहेबसुद्धा स्वतःच्या हाताची कातडी न्याहाळू लागले. शेवटी प्रभुदासांनी बोट वर केलं.

"तर मंडळी, माझा ओठ सुजला तो माझ्याच रक्तानं. मसाल्याचा त्यात काडीचाही हात न्हाई."

त्यांना वाटलं होतं, माना डोलतील. पण बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली आणि सुरेखाबाई उभ्या राहिल्या.

"म्हंजे मसाल्यात तेवढा झनका न्हाईच म्हना की."

"कसला झनका?"

"आवो, खानाऱ्याचा ओठ सुजतो तरी चमचा सुटत न्हाई, असा मसाला म्हनून आमी आराधनाकडं नाताळाची ऑर्डर लावलीय. माझ्या बहिनीनं बेलापूरवरनं लावलीय."

"मी बी लावलीय," सॅमसन पुरुषांच्या बाजूने म्हणाले. "आता ओठच सुजनार न्हाई, तर बघावं लागंल."

प्रभुदासांनी सुनेकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. लिलावाच्या दुसऱ्या दिवसापासून निम्मी मंडळी तिला फोन करत होती आणि ती प्रत्येकीला एकच सांगत होती, पप्पा बरे होऊ देत, मग बघू. घरात सासऱ्याच्या अंगाची आग होत असताना त्यांच्या ओठाच्या जिवावर धंदा करायचा, हे तिला पटलं नव्हतं. म्हणजे मसाल्याचं नाव बुडालं नव्हतंच. ते चांगलं तरंगत होतं आणि आता प्रभुदासांनी स्वतःच्या आवाजात ते बुडवलं होतं. बोललेलं परत घेता येत नव्हतं, कारण ते खरं होतं.

तेवढ्यात मरियाबाई उठल्या. चर्चमध्ये त्या कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"ओठ रक्तानं सुजला, हे खरंय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीन बाईनं माझ्यासमोर दाखवलं. मीच त्या मसाल्याला नावं ठेवत हुते, ती माझी चूक झाली. पन ओठ सुजल्याव ह्यांनी दुसरा चमचा कशापायी खाल्ला, ते कुनी इचारलं का? मी ह्या मानसाला सगळी हयात जेवू घातलं. माझ्या हातची आमटी ह्यांनी एकदासुद्धा परत मागून घेतली न्हाई. आन् सुनंच्या मसाल्यापायी सुजल्या ओठानं, सगळ्यांच्या देखत दुसऱ्यांदा चमचा भरला. आता ज्याला ऑर्डर काढून घ्यायची त्यानं घ्या."

त्या बसल्या. सुरेखाबाई सॅमसनकडे बघू लागल्या, सॅमसन पाळकसाहेबांकडे. मग कुणीतरी म्हणालं, "माझी दुप्पट करा," आणि पाळकसाहेबांना आठवण करून द्यावी लागली की हे देवाचं घर आहे, बाजार बाहेर. बाहेर आल्यावर आराधनाभोवती इतक्या बायका जमल्या की तिचा फक्त अंबाडा दिसत होता.

प्रभुदास आणि मरियाबाई पुढे निघाले. प्रभुदासांचं मन मोठं खट्टू झालं होतं. दुसरा चमचा त्यांनी चवीसाठी घेतला नव्हता, पोरीची बाजू मांडायला घेतला होता, हे सांगावं की न सांगावं ते त्यांना कळत नव्हतं. पण त्याहून दुसरी गोष्ट जास्त टोचत होती.

"मरिया," ते म्हणाले, "मी तुझी आमटी कदी परत मागितली न्हाई, हे चारचौघांत सांगितलंस ते ठीक. पन मला आठवतंय तसं..."

"काय आठवतंय?"

"मी तर रोजच परत घेतो."

"रोज घेता," मरियाबाई म्हणाल्या. "पातेलं खरवडून घेता. माझ्यासाठी काय ठिवत न्हाई."

प्रभुदास रस्त्यातच थांबले. ज्या बाईने आयुष्यभर मिठाचा खडासुद्धा खोटं बोलून उसना आणला नाही, ती साक्षीच्या वेळेला, पाळकसाहेबांच्या समोर, स्वतःच्या हाताची चव गावभर हलकी करून आली होती. काहीतरी थोर बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"पुकारू नका आता," मरियाबाई म्हणाल्या, "आराधना मागं हाय."